उलटी पडलेली बाई, पांढऱ्या अक्षरांतलं नाव आणि चाळीस डॉलर

निळीशाई

नमस्कार मंडळी. वाचनमात्र राहून राहून कंटाळा आला, म्हणून धागा काढते आहे. विषय जरा आडवाटेचा आहे, सांभाळून घ्या.

आम्ही बॉइसीला राहतो, आयडाहोत. सप्टेंबरात गणपतीसाठी पोर्टलंडला निघालो होतो. मधे पेंडलटन लागतं. एरवी आम्ही तिथे पेट्रोल भरतो आणि सुटतो. या वेळी गावात शिरलो तर जत्राच. तिथला 'राउंड-अप' नावाचा रोडिओ (उसळत्या घोड्यांवर टिकून राहायच्या, दोर टाकून गुरं पाडायच्या स्पर्धा) म्हणजे त्यांचा उरूसच म्हणा ना, १९१० पासून चालू आहे. हॉटेलं फुल्ल, रस्त्यावर घोडे, आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा गाडीतून उतरायलाच तयार. त्याला 'बाथरूम' म्हणून एका जुन्या वस्तूंच्या दुकानात नेलं आणि तिथे अडकलो तासभर.

दुकानात बिस्किटाच्या डब्यासारख्या पत्र्याच्या डब्यात जुनी फोटो-कार्डं भरलेली. म्हणजे छापील पोस्टकार्डं नव्हेत, खरे फोटो, पण पोस्टकार्डाच्या मापाच्या जाड कागदावर. मागे पत्ता लिहायला जागा. एकामागून एक घोड्यावरच्या बायका! केसांत भलेमोठे रिबिनीचे फुगे, पायात बूट, आणि खाली पांढऱ्या अक्षरांत नाव. त्यातलं एक कार्ड पोराने वर काढलं आणि म्हणाला, "आई, ही मावशी उलटी का आहे?"

फोटोत घोडा उधळलाय. बाई हवेत, डोकं खाली, पाय वर, डोकं जमिनीला टेकायच्या बेतात. खाली नाव: बॉनी मॅकॅरॉल. घोड्याचंही नाव आहे, सिल्व्हर. कार्डाला लावलेल्या चिठ्ठीवर दुकानवाल्याने पेन्सिलीने लिहिलं होतं 'शेवटची स्वारी'. किंमत चाळीस डॉलर. नवरा म्हणाला, एवढ्यात दोन पिझ्झे येतील. मी घेतलं.

घरी येऊन वाचलं तर ही बाई आमच्या बॉइसीजवळचीच निघाली! १८९७ चा जन्म. आणि पेंडलटनलाच घोड्यावरून पडून गेली. हाच तो क्षण. रात्री झोप लागली नाही हो. माणूस मरताना काढलेला फोटो चाळीस डॉलरला घेऊन आपण फ्रिजवर लावायचा विचार करत होतो.

तर प्रश्न दोन. एक, हे अस्सल आहे की नंतर काढलेली प्रत, कसं ओळखायचं? दोन, जपायचं कसं? दिवाळीत रत्नागिरीला आईकडे न्यायचा विचार आहे, तिला जुन्या फोटोंचं वेड आहे.

चकलीचिवडा

पयला!

धागा आवडला. नवऱ्याचं म्हणणंही पटलं. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

उत्तरध्रुव

निळीशाई, छान लिहिलंय, पण एक मोठी दुरुस्ती. तुमच्या फोटोत ती मरत नाहीये. कार्डाच्या कडेला साल असेल बघा, १९१५. मृत्यू झाला १९२९ मध्ये. गाव तेच, मैदान तेच, पण घोडा वेगळा. त्याचं नाव ब्लॅक कॅट. १९१५ ला पडल्यावर बाई उठली, कपडे झटकले आणि पुढची चौदा वर्षं घोड्यांवर काढली. १९२२ मध्ये वायोमिंगमधल्या शायेनची स्पर्धा जिंकली, त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनची जिंकली. १९२४ ला टेक्स ऑस्टिन या आयोजकाबरोबर लंडनच्या वेम्ब्लीला जाऊन आली.

हा घोळ जुना आहे. फोटो इतका भयंकर आहे की बघणारा म्हणतो, ही काही यातून वाचली नसणार. मग कुणीतरी चिठ्ठी लावतो.

निळीशाई

अरे देवा. भिंग घेऊन बघितलं. आहे की! १९१५, ढळढळीत. मी नाव वाचलं, घोडा वाचला आणि साल वाचलंच नाही. चिठ्ठीवर विश्वास ठेवला.

मूळ लेख बदलत नाही, माझं येडेपण तसंच राहू दे.

रात्रीची झोप मात्र परत मिळाली :)

भिंगवाले

ताई, कार्डाची मागची बाजू दाखवा. फोटो ओळखायचा तो पाठीवरून. चेहऱ्यावर जाल तर फसाल.

माझी चाळीस वर्षं अंधाऱ्या खोलीत गेली, पुण्यात, आधी दुसऱ्याच्या स्टुडिओत आणि मग स्वतःच्या. आता जुन्या बाजारात रविवारी फिरतो, म्हणून अधिकाराने सांगतोय.

पहिलं काम. भिंग घ्या, दहापट वाढवणारं असलं तर उत्तम, आणि फोटोतल्या करड्या भागावर धरा. बारीक ठिपके रांगेत दिसले तर ते छापखान्याचं काम, वर्तमानपत्रातल्या चित्रासारखं. ठिपके नसतील, करडा रंग सायीसारखा सलग उतरत असेल, तर तो खरा फोटो.

दुसरं. फोटो तिरका धरून खिडकीच्या उजेडात बघा. सगळ्यात काळ्या जागी, म्हणजे सावलीत, घोड्याच्या पोटाखाली, निळसर चांदीसारखी झाक दिसते का? जुन्या फोटोतली चांदी हळूहळू वर येते आणि पृष्ठभागावर आरशासारखा थर धरते. हे कुणाला मुद्दाम सहज करता येत नाही.

तिसरं. ती पांढरी अक्षरं. नेगेटिव्हवर काळ्या शाईने लिहिलं की फोटोत ते पांढरं उमटतं. पण नेगेटिव्हच्या मसाल्याच्या, म्हणजे रसायनाचा थर असलेल्या बाजूला लिहायचं तर उलटं लिहावं लागतं, आरशात दिसतं तसं. बघा बरं, एखादं इंग्रजी 'एस' किंवा 'एन' चुकून सुलट राहून फोटोत उलटं आलंय का. घाईत हमखास व्हायचं. आमच्याकडेही लग्नाच्या अल्बमवर तारखा अशाच लिहायचो. एकदा मी नवऱ्यामुलाचं आडनाव उलटं करून ठेवलं होतं, तो किस्सा नंतर कधीतरी.

मागची बाजू टाका. तिकीट लावायची चौकट असते कोपऱ्यात, तिच्याभोवती काय लिहिलंय ते हवंय.

टाच

मी घोडेस्वारी शिकवते, म्हणून हा धागा उघडला. फोटोग्राफीतलं मला शून्य कळतं. मी फोटोत फक्त पाय बघते.

निळीशाई, तुझ्या फोटोत रिकिबी (खोगिराला लटकलेल्या, पाय अडकवायच्या कड्या) कुठे आहेत? बाईपासून सुटलेल्या, की अजून पायात? यावरून बरंच कळेल.

त्या काळी बायकांसाठी एक 'सोय' होती. घोड्याच्या दोन्ही बाजूंच्या रिकिबी पोटाखालून पट्ट्याने एकमेकींना बांधायच्या. त्याने काय होतं, तर रिकीब झुलत नाही, पाय एका जागी राहतो, मांड पक्की बसते. घोडा कितीही उसळला तरी बाई खोगिराला चिकटलेली. दिसायला सोपं. पण घोडाच उलटला तर? स्वार पहिली गोष्ट शिकतो ती रिकिबीतून पाय सोडवून बाजूला कसं पडायचं. माझ्या लहान मुलांना मी बसायच्या आधी पडायला शिकवते, आई-बाबा रागावतात. बांधलेल्या रिकिबीत ती वाटच बंद. तुम्ही घोड्याचाच एक भाग होता, आणि घोडा चारशे-पाचशे किलोचा.

शिवाय बहुतेक ठिकाणी बायकांना दोन्ही हातांत लगाम धरायची मुभा होती, पुरुषांना एकच हात. पुरुषांना दहा सेकंद टिकायचं, बायकांना आठ. म्हणजे सगळी काळजी घेतली होती बघा. आणि त्यातल्याच एका काळजीने जीव गेला.

उत्तरध्रुव

टाच, अगदी तेच. १९२९ ला बॉनी बांधलेल्या रिकिबींनीच चढली होती. ब्लॅक कॅट मागे कोलमडला, तिच्या अंगावर आला, उठला आणि परत उसळायला लागला. पाय सुटेना. लोकांच्या डोळ्यांसमोर. दहाएक दिवसांनी हॉस्पिटलात गेली, वय ३२. तिचा नवरा फ्रँकही याच खेळातला. ही शेवटची स्पर्धा, मग घर, असं दोघांनी ठरवलं होतं असं सांगतात.

मी कॅनडात कॅल्गरीला असतो, त्यामुळे आमच्याकडची एक. १९१२ चा पहिला कॅल्गरी स्टँपीड, म्हणजे आमच्याकडचा रोडिओ. मोंटानाची फॅनी स्पेरी, वय २५, हेलेनाजवळच्या रँचवरची. तिच्या वाट्याला घोडा आला रेड विंग. काही दिवसांपूर्वी याच घोड्याने जो लमार नावाच्या स्वाराचा जीव घेतला होता. फॅनी त्यावर बसली, टिकली आणि हजार डॉलर, खोगीर आणि सोन्याचं बक्कल घेऊन घरी गेली. ही बाई रिकिबी कधीच बांधायची नाही. पुरुषांसारखीच मोकळी बसायची. पुढे वर्षभरात बिल स्टील या घोडेवाल्याशी लग्न केलं. म्हातारपणी मोंटानाच्या डोंगरात शिकाऱ्यांना वाटा दाखवायचं काम करत होती. १९८३ ला गेली, ९५ वर्षांची होऊन.

फॅनी मोकळ्या रिकिबीत ९५, बॉनी बांधलेल्या रिकिबीत ३२. नुसतं या दोन आकड्यांवरून सिद्ध काही होत नाही, मला माहीत आहे. तरी आकडे डोक्यातून जात नाहीत.

बैलपोळा

सगळे फोटोच्या आणि बायकांच्या मागे. त्या घोड्याचं काय? कंबरेला पट्टा आवळून उसळायला लावलेलं जनावर, आणि आपण 'वा काय फोटो'. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीवर इतकी वर्षं भांडण झालं, शेवटी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली. इथे मात्र सगळे कौतुकात.

टाच

बैलपोळा, तुमचा मुद्दा खोटा नाही. पट्टा असतो. मला रोडिओ बघवत नाही, एकदा बघितला आणि अर्ध्यातून उठले. पण इथे शंभर वर्षांपूर्वीच्या फोटोंची चर्चा चालू आहे. वेगळा धागा काढा, मी येते.

बैलपोळा

काढतो. तिकडे याच.

कात्रणवही

मी आपली कपड्यांकडे वळते, माफ करा :)

निळीशाई, बाकीच्या कार्डांवर बायकांनी काय घातलं होतं ते सांग ना. कारण हा प्रवास फार मजेशीर आहे. आधी एका बाजूला पाय टाकून बसायची पद्धत, लांब झगा. मग आला दुभागलेला स्कर्ट, म्हणजे दिसायला स्कर्ट, पण मधून शिवलेला. आपल्या नऊवारीचा काष्टा म्हणजे याच प्रश्नाचं उत्तर, फरक इतकाच की आपल्याकडे ते उत्तर आधीपासूनच होतं. मोंटानाच्या माइल्स सिटीत दुभागलेला स्कर्ट घालून घोड्यावरून आलेल्या बाईला अटक होईल अशी तंबी मिळाली होती, १८९० च्या दशकात. ही गोष्ट एव्हलिन कॅमेरॉनची. इंग्लंडमधून येऊन मोंटानातल्या टेरी गावाजवळ रँच चालवणारी बाई, आणि स्वतः फोटोग्राफर. तिच्यावर वेगळं लिहायला हवं.

नंतर आले झालरीचे चामड्याचे स्कर्ट, मग गुडघ्याखाली बांधलेल्या फुग्याच्या विजारी, सॅटिनचे झगझगीत शर्ट. आणि गंमत म्हणजे यातलं बरंचसं त्या बायका स्वतः शिवायच्या. टॅड लुकास, जी धावत्या घोड्यावरच्या कसरतींत सगळ्यांत पुढे होती, तिचे कपडे तिच्याच हातचे. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सलग तीन वर्षं जिंकून दहा हजार डॉलर किमतीचा चांदीचा चषक कायमचा घरी नेणारी बाई रात्री बटणं शिवत बसली असेल!

कृष्णधवल फोटोत हे रंग कुठले कळायला. लाल सॅटिन असेल तर काळंच दिसणार.

भिंगवाले

कात्रणवही, अगदी मुद्द्याचं बोललात. जुन्या प्लेटींना (फिल्मच्या जागी वापरायच्या काचांना) लाल रंग दिसायचाच नाही, तो काळा व्हायचा. निळा उलट पांढराफटक. त्यामुळे जुन्या फोटोत आकाश कायम कोरं असतं, ढग असले तरी. फोटोवरून कपड्याचा रंग कधी ठरवू नका.

निळीशाई

काका, मागची बाजू टाकते आहे. (फोटो जोडला आहे.) चौकटीभोवती चारी बाजूंना 'अ‍ॅझो' लिहिलंय आणि चार कोपऱ्यांत चार छोटे चौकोन आहेत. मजकूर काही नाही, पोस्टात टाकलेलंच नाही.

ठिपके नाहीत. चांदीची झाक आहे, घोड्याच्या छातीखाली आणि कुंपणाच्या सावलीत. तिरकं धरल्यावर नवऱ्यालासुद्धा दिसली, आणि आता तो पिझ्झ्याचं बोलत नाही.

टाच, रिकिबी: एक दिसते आहे, पायापासून सुटलेली. म्हणजे या वेळी पाय मोकळे होते?

कात्रणवही, बॉनीच्या अंगावर स्कर्टच आहे बहुतेक, उलटी असल्यामुळे सगळा गोंधळ आहे. डब्यातल्या बाकीच्यांच्या डोक्यावर रिबिनींचे फुगे होते, कोबीच्या गड्ड्याएवढे. खोटं नाही सांगत.

टाच

पाय मोकळे. म्हणूनच वाचली.

भिंगवाले

ताई, कार्ड अस्सल आहे आणि तरी १९१५ चं नाही. गोंधळू नका, सांगतो.

'अ‍ॅझो' हे कोडॅकच्या कागदाचं नाव. ती कंपनी चौकटीच्या कोपऱ्यातली खूण अधूनमधून बदलायची. आधी चार त्रिकोण, चारींची टोकं वर. १९१८ च्या आसपास दोन वर, दोन खाली. चौकोन आले ते १९२० च्या दशकाच्या मध्यानंतर. म्हणजे फोटो काढला १९१५ ला, पण तुमच्या हातातला कागद निदान दहा वर्षं नंतरचा. नेगेटिव्ह तीच, प्रत नंतर काढलेली. कागदाचं वय म्हणजे फोटोचं वय नव्हे, हे नव्या संग्राहकाला शिकवायला मला नेहमी दोन रविवार लागतात. तुम्ही दोन दिवसांत शिकलात.

आता विचार करा. दहा वर्षांनंतरही त्या नेगेटिव्हवरून कार्डं काढली जात होती, म्हणजे ती खपत होती. असली कार्डं रोडिओच्या गावात, औषधाच्या दुकानात, पाच-दहा सेंटच्या भांडारात मिळायची. डबलडे नावाचा फोटोग्राफर होता, राल्फ डबलडे, आयोवातल्या काउन्सिल ब्लफ्सचा. गावोगावच्या रोडिओला जायचा, मैदानात उतरून, घोड्याच्या लाथेच्या अंतरावर उभा राहून फोटो काढायचा. त्याची कार्डं इतकी खपली की आजही जुन्या डब्यांतून पांढऱ्या अक्षरांत त्याचं नाव निघतं.

आणि कॅमेरा काय, तर ग्राफ्लेक्ससारखी लाकडी पेटी, वरच्या झडपेतून मान घालून आत बघायचं. एका उसळीला एकच प्लेट. दुसरी प्लेट घालेपर्यंत घोडाही गेला आणि बाईही गेली. आजचे लोक सेकंदाला वीस फोटो काढतात आणि त्यातला एकही धड येत नाही.

घाटमाथा

काका, मग प्रश्न असा की पडणाऱ्या बायकांचीच कार्डं जास्त खपायची का? ज्या बसून राहिल्या त्यांची नाही?

भिंगवाले

दोन्ही खपायची. पण मी फोटोग्राफर असतो तर पडायची वाट बघितली असती, खरं सांगतो. बसलेला स्वार सगळ्या फोटोंत सारखाच दिसतो. पडणारा प्रत्येक वेळी वेगळा पडतो.

उत्तरध्रुव

बसलेल्यांचेही सुंदर आहेत. मेबल स्ट्रिकलंडचे शोधा. वॉशिंग्टन राज्यातल्या वाला वालाजवळची. घोडा आकाशात गेलाय, आणि ही वर बसून फोटोग्राफरकडे बघून हसते आहे, केस विंचरलेले. दोर टाकून बैल पाडण्यात ती भल्याभल्या पुरुषांच्या वेळेजवळ जायची. १९२६ ला शायेनच्या स्पर्धेच्या कार्यक्रमपत्रिकेच्या मुखपृष्ठावर तिचा फोटो होता.

दोरावरून आठवलं, १९१२ च्या कॅल्गरीत दोराच्या कसरतींत फ्लोरेस लाड्यू जिंकली, आणि हरली कोण, तर ओक्लाहोमाची ल्युसिल मलहॉल, जिचं नाव तेव्हा घरोघरी होतं. फ्लोरेस ही स्पर्धा भरवणाऱ्या गाय वेडिकची बायको, त्यामुळे कुजबुज झाली असणारच, आपल्याकडे झाली असतीच :) पण ती खरंच जबरदस्त होती.

आणि सगळ्या रँचवर वाढलेल्या नव्हत्या बरं. टिली बाल्डविन मूळची नॉर्वेची, मटिल्डा विंगर. अमेरिकेत येऊन बायकांचे केस करायचं काम करत होती. घोड्यावरच्या बायका बघितल्या आणि ठरवलं, हेच. १९१२ ला पेंडलटनला जिंकली.

कुरुंदवाडकर

वरातीमागून माझं घोडं. उशिरा आलो.

आमच्या गावाचं नाव घेतल्याशिवाय घोड्यांचा धागा पुरा होत नाही. विष्णुपंत छत्रे मुळात घोड्यांचे माणूस, संस्थानच्या पागेतले. मुंबईत एका इटालियन माणसाची सर्कस बघितली, कियारिनीची, आणि १८८० मध्ये स्वतःची उभी केली. त्यांच्या पत्नी झुल्यावरच्या कसरती करायच्या. म्हणजे पेंडलटनच्या तीस वर्षं आधी आमच्याकडे बाई तंबूत उंचावर लोंबकळत होती, आणि तिकीट काढून लोक बघत होते. तिचे फोटो किती राहिले? माझ्या आजोबांकडे सर्कशीचं एक हस्तपत्रक होतं, तेही २००५ च्या पुरात गेलं.

अमेरिकेत निदान डब्यात तरी सापडतात.

घाटमाथा

+१ कुरुंदवाडकर. फोटोचं पोस्टकार्ड करून विकायचं हा धंदाच आपल्याकडे त्या बायकांभोवती उभा राहिला नाही.

मला अजून एक विचारायचं होतं. पुढे काय झालं? आज रोडिओत बायका मुख्यतः पिंपांभोवती घोडा पळवतात ना?

उत्तरध्रुव

बॉनीनंतर पेंडलटनने बायकांची उसळत्या घोड्यांची स्पर्धा बंद केली. त्याच वर्षी, १९२९ मध्ये, रोडिओ भरवणाऱ्यांची संघटना झाली, आणि तिच्या नियमात बायकांच्या स्पर्धा नव्हत्याच. मग मंदी आली, खर्च कापायचा म्हटल्यावर पहिली कात्री कुठे लागणार? १९३१ पासून टेक्ससमधल्या स्टॅमफर्डला नवी प्रथा सुरू झाली, गावागावांतून मुली पाठवायच्या, छान कपडे, छान घोडा, थोडी स्वारी. स्पर्धकाची पाहुणी झाली. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली उसळत्या घोड्यांची बायकांची स्पर्धा १९४० च्या सुरुवातीला गेली. १९४८ मध्ये टेक्ससच्या सॅन अँजेलोत ३८ जणी जमल्या आणि त्यांनी स्वतःची संघटना काढली. पिंपांभोवतीची शर्यत आज दिसते ती त्या बायकांमुळे.

काही जण म्हणतात की बॉनीच्या मृत्यूमुळे बंद झालं. मला ते अर्धंच खरं वाटतं. पुरुषही मरत होते. फॅनीच्या आधी रेड विंगने मारलेला पुरुषच होता. त्यांची स्पर्धा कुणी बंद केली नाही.

टाच

रिकिबी बांधायचा पट्टा बंद करायचा, तर बायकाच बंद केल्या.

कात्रणवही

अजून एक राहतंय. पेंडलटनच्या राउंड-अपमध्ये तिथल्या मूलनिवासी बायकांच्याही घोड्यांच्या शर्यती असायच्या. युमाटिला, कायूस, वाला वाला जमातींचे लोक अजूनही तिथे तंबू ठोकून आठवडाभर राहतात. त्या बायकांचेही फोटो निघाले, पण कित्येकांवर नुसती जमात लिहिलेली, नाव नाही. निळीशाई, डब्यात होत्या का?

निळीशाई

होत्या गं. दोन-तीन. कपडे इतके सुंदर, मण्यांचं काम. पण नाव नव्हतं म्हणून मी पुढे सरकवली. मला तेव्हा खटकलंही नाही.

दुकानात परत फोन करते.

चकलीचिवडा

ज्यांना चाळीस डॉलर द्यायचे नाहीत (म्हणजे मी), त्यांना फुकट काही मिळेल का? हॉलच्या भिंतीला एक हवाय.

भिंगवाले

मिळेल. अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयात बेन नावाच्या जुन्या वृत्तसंस्थेच्या काचेच्या प्लेटी आहेत, त्यांच्या मोठ्या फायली संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. त्यात ल्युसिल मलहॉल आहे, वाइल्ड वेस्ट खेळांतल्या बायका आहेत. उतरवा, चांगल्या कागदावर छापून घ्या. फक्त तपकिरी रंग चढवून, कडा जाळून 'जुना' करून आणू नका. जुन्या बाजारात रोज तसले दहा बघतो.

निळीशाई, जपण्याबद्दल. रत्नागिरी म्हणजे दमट. आईकडे न्या, दाखवा, परत घेऊन या, असा माझा सल्ला. ठेवायचंच असेल तर प्लास्टिकच्या अल्बममध्ये ठेवू नका, त्या चिकट पानांच्या तर मुळीच नको, दोन पावसाळ्यांत फोटो पानाला धरतो. आम्लरहित कागदाचं पाकीट, आणि पत्र्याच्या डब्यात सिलिकाच्या पुड्या. सेलोटेप लावू नका. चिठ्ठी पिनेने टोचलेली असेल तर पीन आजच काढा. काढल्यावर हात धुवा, फोटोला कडेनेच धरा.

शंका असेल तर आणखी एक. नोटा तपासायचा जांभळा दिवा मिळतो, अंधारात कार्डावर टाका. १९५० नंतरच्या बऱ्याच कागदांत चमक आणणारं रसायन असतं, ते निळंपांढरं लकाकतं. जुना कागद मंद राहतो.

निळीशाई

पीन होती! काढली. गंजाचा डाग राहिलाय, पण कडेला आहे.

दिवा नवऱ्याने मागवला. दिवे बंद करून आम्ही तिघं स्वयंपाकघरात उभे. कार्ड अंधारातच राहिलं, काही लकाकलं नाही. शेजारी ठेवलेलं वाणसामानाचं बिल मात्र ट्यूबलाइटसारखं पेटलं. पोराला बिलच जास्त आवडलं.

आणि दुकानात फोन केला. म्हातारा चांगला आहे. चिठ्ठीचं सांगितलं, तर म्हणाला, ती त्याच्या आधीच्या मालकाने लावली होती, त्याने कधी वाचलीच नाही. डब्यात मूलनिवासी बायकांची तीन कार्डं अजून आहेत, आणि मेबल स्ट्रिकलंडचं एक, हसणारं. उत्तरध्रुव, तुम्ही म्हणालात तसंच, घोडा आकाशात आणि ही हसते आहे. किंमत विचारली. बारा डॉलर.

मी म्हटलं, हे बारा आणि ते चाळीस का? तो म्हणाला, "ही पडत नाहीये ना."

चारही घेतली. पोस्टाने येताहेत.

टाच

मेबलच्या रिकिबी बघून सांग.

कात्रणवही

मण्यांच्या कामाचा मोठा फोटो टाकच. तिघींची नावं शोधायचा प्रयत्न करू, राउंड-अपच्या जुन्या निकालांत शर्यत जिंकणारीचं नाव सापडेलही.

भिंगवाले

आधी चारींच्या मागच्या बाजू टाका.